काठोकाठ पेला

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरकावं, जागा पुष्कळ आहे. वाऱ्यासारखं धावणाऱ्यांच्या गोष्टी तुम्ही खूप ऐकल्या असतील. आज एका सावकाश जाणाऱ्याची गोष्ट सांगते. गोष्ट आहे फक्त चौदा किलोमीटरची. पण ऐकता ऐकता जीव टांगणीला लागला तर मला बोल लावू नका. ज्याच्या हातात त्या दिवशी चाक होतं, त्याचा जीव तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त टांगणीला लागला होता.

एक रुग्णवाहिकांचं ठाणं होतं. पत्र्याची शेड, चार गाड्या, भिंतीवर मोठं घड्याळ आणि घड्याळाखाली फोन. त्या फोनची घंटा झाली की हातातला घास हातात राही आणि तोंडातला चहा तोंडात. तिथे पंचावन्नीला टेकलेला एक चालक होता. अंगाने आडवा, बोलायला कमी, केस कापसासारखे. त्याला सगळे गोगलगाय म्हणत. मागून नव्हे हो, तोंडावर! आणि तो ओ देई.

"काय गोगलगाय," नव्याने लागलेला एक चालक रोज विचारायचा. त्याला त्याच्या वेगावरून बाण म्हणत. "काल निघालेला पेशंट आज पोचला का?"

"तू हो पुढे. कुठे तरी धडकलास की फोन कर, मी येतो तुला उचलायला."

शेडभर हशा व्हायचा, आणि बाणसुद्धा हसायचा.

खरं पाहता गोगलगाय जाताना कुणाच्या मागे नसे. रिकामी गाडी घेऊन तो असा सुटे की बाणाने बघत राहावं. पण माणूस गाडीत घेतला की त्याची चाल बदले. ज्या म्हाताऱ्या उस्तादाने त्याला गाडी शिकवली, त्याचं सांगणं होतं, 'जाताना वाऱ्यासारखं जा, येताना पाण्यासारखं ये.' त्या उस्तादानेच चाकासमोरच्या फळीवर एक लाकडी कडं ठोकून दिलं होतं. त्यात स्टीलचा पेला बसे. रोज सकाळी गोगलगाय तो काठोकाठ भरी आणि दिवसभर सांभाळी. उस्ताद म्हणायचा, "पेला सांडला की समज, मागे कुणाचं तरी मोडलेलं हाड सरकलं." बाण त्या पेल्याला 'गोगलगायीचं तळं' म्हणे.

सगळ्यांनाच सावकाश नेऊन चालत नाही, हेही खरं. कुणाचं रक्त वाहून जात असतं, कुणाचं हृदय थांबत असतं. तिथे एकेक क्षण मोलाचा. म्हणून गाडीच्या मागच्या भागात आणि चालकाच्या जागेत जी काचेची छोटी खिडकी असते, तिच्यावर ठोकायची खूण ठरलेली होती. एक टकटक म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे पळव. ठोकणारी होती ताई. तिशीतली, काटक, रोग्याजवळ बसून त्याला जगवत नेणारी. तो तिला ताई म्हणे, ती त्याला काका. सहा वर्षं दोघं एकाच गाडीवर होती. तीन टकटक झाल्या की गोगलगाय पेल्याकडे बघतही नसे. पाणी गेलं तर जाऊ दे, माणूस राहू दे.

त्या दिवशी दुपारी दोन वाजून चोवीस मिनिटांनी फोन वाजला. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर शिडीवरून पडला होता. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून.

सात मिनिटांत गाडी तिथे होती. फूटपाथवर माणसांचं कडं, मध्ये शिडी आडवी, आणि सगळीकडे लालभडक. बघे हबकून मागे सरकले होते.

"रंग आहे तो," ताई एका नजरेत म्हणाली, आणि लगेच कडाडली, "अहो, काय करताय! सोडा त्यांना!"

दोन भल्या माणसांनी पेंटरच्या काखेत हात घातले होते. त्याला उठवून बसवायचं, पाणी पाजायचं. मन चांगलं हो, पण अशा चांगल्या मनाने किती जण जन्माचे अंथरुणाला खिळले असतील, देव जाणे.

"पाणी तरी पाजू द्या बाई!"

"त्यांना काही नको. तुम्हीच प्या आणि गर्दी मागे घ्या, तेवढं पुण्य पुरे!"

गोगलगाय गुडघ्यांवर बसला, कोपरं जमिनीला टेकवली आणि पेंटरचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. आता हे डोकं ताई सांगेपर्यंत सोडायचं नाही. पाठीला रग लागो, गुडघ्याखाली खडा येवो, नाकावर माशी बसो.

"पेंटर, माझ्याकडे बघा. मान हलवायची नाही. माझं थोबाड बघण्यासारखं नाही, पण आता इलाज नाही."

पेंटर साठीचा, पांढऱ्या मिशांना लाल रंग लागलेला. भीतीने डोळे मोठे झाले होते, तरी म्हणाला, "नाकात केस फार वाढलेत हो तुमच्या."

"बरे झालात की कापून द्या. ब्रश आहेच तुमच्याकडे."

ताई पायांशी होती. "अंगठे हलवा. शाब्बास. आता उजवा हात, माझी बोटं दाबा. आता डावा." ती थांबली. "दोन्ही छान."

"डावा नीट बघा हो," पेंटर म्हणाला. "डावखुरा आहे मी. पोटाचा हात आहे तो."

वर अर्धवट पाटी होती. 'पादत्रा' एवढी तीन अक्षरं लालभडक, चकचकीत, आणि शेवटच्या अक्षराची जागा कोरी.

मानेला पट्टा बसला. तिघाचौघांच्या हातांनी, ताईच्या एका शब्दावर, पेंटर एखाद्या ओंडक्यासारखा एका दमात कुशीवर वळला आणि फळीवर आला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमचे ठोकळे आले, कपाळावरून रुंद चिकटपट्टी ओढली गेली. अकरा मिनिटांनी गोगलगायीने हात सोडले, तेव्हा आखडलेल्या बोटांची मूठही वळत नव्हती.

गाडीच्या मागे ताईने त्याला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली.

"नाडी चांगली, श्वास चांगला. पण मान मोडली असावी काका. मणक्याच्या आतला मज्जेचा दोर अजून शाबूत आहे, सगळं हलतंय. एखादा वाईट हादरा बसला तर ते राहणार नाही. मणक्याचा डॉक्टर मोठ्या रुग्णालयातच आहे, चौदा किलोमीटर. घाई नाही. आज पाण्यासारखं."

तो मान हलवून चाकामागे बसणार, तोच पलीकडचं दार उघडलं आणि एक बाई चढून बसली. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती; मशीनवरून उठून धावत आली असणार. पेंटरची बायको. कुणाला विचारलं नाही, कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"चला," ती म्हणाली. "बघता काय? चला!"

"पट्टा लावा वहिनी."

गाडी निघाली. दोन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. काटा पंचवीसच्या वर जाईना. खड्डा दिसला की गोगलगाय वीस हात आधीच वेग कमी करी, एक चाक हलकेच उतरवी, मग दुसरं. पेल्यातलं पाणी काठाशी थरथरे, पण काठ सोडत नसे. तो ओठांतल्या ओठांत काही गुणगुणत होता. त्याची आई दूरच्या विहिरीवरून पाणी आणायची, तेव्हा पायांना ठेका मिळावा म्हणून स्वतःशीच म्हणायची:

घागर डोईवर, नजर वाटेवर,
थेंब नको सांडू बाई, घर आहे दूरवर.

"गाणी म्हणताय?" बाई म्हणाली.

त्याने ओठ मिटले आणि पुढचा खड्डा चुकवला.

"अहो, ही रुग्णवाहिका आहे की बैलगाडी? त्या पोराची सायकल पुढे गेली!"

"मानेला हादरा बसता कामा नये वहिनी."

"आणि उशीर झाला तर? उशीर झालेला चालतो का मानेला?"

"ताई आहेत मागे. घाई लागली तर ठोकतील."

बाईने मागे वळून काचेतून पाहिलं. नवऱ्याचे रंगाने माखलेले पाय तेवढे दिसले. ती पुन्हा पुढे वळली आणि तिची नजर पेल्यावर गेली. बराच वेळ ती पेल्याकडे, मग त्याच्या पायाकडे, मग पुन्हा पेल्याकडे बघत राहिली. तिचा आवाज फाटला.

"तिथे माझा नवरा जातोय आणि तुम्ही पाणी सांभाळताय? पाणी? अहो, गोगलगाय बरी हो तुमच्यापेक्षा!"

आता बघा. बाणाने हा शब्द हजारदा उच्चारला होता आणि गोगलगायीने हजारदा हसून घेतला होता. पण तो विनोद होता. ही बाई त्याला ओळखत नव्हती, त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं, आणि तरी तिने तोच शब्द काढला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला वाटलं, खरंच तर नसेल? आपण सांभाळून नेतो की आपल्याला भीतीच वाटते?

पुढे चौक तुंबला होता. चारी बाजूंनी गाड्या एकमेकींत अडकलेल्या. वाट मिळावी म्हणून त्याने सायरन लावला. एवढंच करायचं होतं, वाट मिळाली की बंद. वाट मिळाली. गाड्या बाजूला झाल्या, मोकळा रस्ता समोर आला, बाई म्हणाली, "हां, आता कसं!"

आणि सायरन बंद करायचा राहिला.

हे चाकामागे आयुष्य काढलेल्यांनाच समजेल. सायरन कानांत घुमू लागला की पाय जड होतो. कुणी दाबावा लागत नाही, आपोआप खाली जातो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात, कान वर गेले तरी पाय खाली जाता कामा नये. गोगलगायीने स्वतः किती जणांना हे बजावलं होतं! आणि आज त्याचाच पाय गेला. काटा तीसवर, पस्तीसवर, पंचेचाळीसवर. पेल्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

पुढे रस्त्यात एक चर होता. पाण्याचा नळ टाकायला खणलेला, घाईत बुजवलेला. महिनाभर तो रोज तिथे गाडी मुंगीसारखी न्यायचा.

गाडी आदळली. आधी पुढची चाकं, मग मागची. पेला उडाला, पाणी बाईच्या मांडीवर आलं. मागून एक किंकाळी आली आणि अर्ध्यात तुटली. मग काचेवर दोन टकटक.

थांब.

त्याने गाडी कडेला घेतली, सायरन बंद केला. एकदम इतकी शांतता झाली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. समोरचं घड्याळ तीन वाजून अकरा मिनिटं दाखवत होतं. का कोण जाणे, तो आकडा त्याच्या डोळ्यांत रुतला.

मागचं दार उघडलं तेव्हा ताई गुडघ्यांवर होती, दोन्ही हातांनी पेंटरचं डोकं धरून. कपाळावरची चिकटपट्टी सुटून लोंबत होती.

"रंग आणि घाम आहे कपाळाला," ती म्हणाली. "दुसरी लावली, तीही धरत नाही. मी डोकं सोडू शकत नाही काका. डावा हात बघा."

त्याने पेंटरचा डावा हात हातात घेतला. "दाबा पेंटर."

काही झालं नाही.

"दाबतोय की," पेंटर म्हणाला. डोळे छताला, दोन्ही कोपऱ्यांतून पाणी कानांत चाललेलं. "दाबतोय ना मी?"

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट निपचित होतं. मधलं जरासं हललं. आंगठा हलला.

माणसाला अशा वेळी धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं. पण धरणी घेत नाही आणि काम थांबत नाही. अजून नऊ किलोमीटर होते. आता ताईचे दोन्ही हात गुंतले. ती खिडकीवर ठोकू शकणार नव्हती, हात तपासू शकणार नव्हती, स्वतःला पट्टाही लावू शकणार नव्हती. गाडी जरा वाकडी गेली तर आधी तीच आपटणार.

बाई दारात येऊन उभी होती. ओल्या साडीनिशी.

"वहिनी," गोगलगाय म्हणाला, "आत या. इथे बसा, पट्टा लावा. यांचा डावा हात धरा आणि सोडू नका. कुठलं बोट हलतं, कुठलं नाही, ते मला खिडकीतून मोठ्याने सांगत राहा. आणि मी कसा जाऊ तेही तुम्हीच सांगा."

"मी?"

"तुम्हीच."

ती चढली. नवऱ्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला, आणि त्या गार, मऊ पडलेल्या बोटांना हात लागताच तिचा चेहरा असा झाला की गोगलगायीने नजर फिरवली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत का? घरी भांडताना बोटं नाचवता ना, तशी नाचवा बघू."

"तू भांड आधी," पेंटर कसंबसं म्हणाला.

काचेची खिडकी सरकवली गेली. गाडी निघाली.

आता पेला रिकामा होता. गोगलगायीला पाणी दिसत नव्हतं, तरी त्याने ते डोळ्यांपुढे भरलं. काठोकाठ. काटा पंधराच्या वर नेला नाही. मागे गाड्यांची रांग लागली आणि भोंगे सुरू झाले. सायरन नाही, वेग नाही, आणि एवढी मोठी गाडी रस्ता अडवून चाललेली, लोक चिडणारच. एक मोटरसायकलवाला शेजारी आला आणि त्याने दारावर थाप मारली.

"अरे, आत कुणी आहे की रिकामीच फिरवतोस? रिकामी असेल तर बाजूला घे ना!"

गोगलगायीची नजर रस्त्यावरच होती. उत्तर मागून आलं, खिडकीतून, शिवणाच्या सुईसारखं.

"माझा नवरा आहे आत! भोंगा वाजवायचा तर घरी जाऊन वाजव!"

मोटरसायकलवाला पसार झाला.

"मधलं हलतंय," बाई सांगत होती. "करंगळी नाही. त्या शेजारचं नाही. आंगठा आहे."

"बरं."

"मधलं हलतंय. आंगठा आहे."

मग पूल आला. या पुलाला सात सांधे होते, लोखंडी पट्ट्यांचे. त्यांवरून साधी सायकल गेली तरी दातांवर दात आपटतात. दुसरा रस्ता नव्हता. गोगलगायीने गाडी जवळजवळ उभी केली.

"ताई, पूल."

"धरलंय काका."

पहिला सांधा. एक चाक चढलं, उतरलं. त्याचा पाय पेडलवर नव्हताच म्हणा ना, नुसता वर तरंगत होता. घाम भुवईवरून डोळ्यांत उतरला, पण पुसायला हात सोडवेना.

"मधलं आहे," मागून आवाज. दुसरा सांधा. "आहे." तिसरा. गाडी डावीकडे जराशी कलली. ताईच्या तोंडून हुंकार निघाला. तिचा खांदा कपाटावर आपटला होता, हात हलले नव्हते.

चौथ्यावर बाई काही बोलली नाही.

"वहिनी?"

त्याने गाडी जागच्या जागी धरली.

"वहिनी, मधलं बोट!"

"हळू," ती म्हणाली. तिचा आवाज ओळखू येईना. "हळू घ्या हो दादा. अजून हळू. हलतंय... पण कमी झालंय. तुमच्या पाया पडते, हळू."

सायकलसुद्धा पुढे जाते म्हणून ओरडणारी ती हीच बाई. गोगलगायीने पाचवा सांधा मुंगीच्या पावलांनी ओलांडला. सहावा. मनात आईची ओळ सुरू झाली होती, या वेळी ती कुणी थांबवली नाही. सातवा.

"आहे," बाई म्हणाली. "आहे, आहे."

चार वाजून पाच मिनिटांनी गाडी मोठ्या रुग्णालयाच्या दारात लागली. फळी सरकली, पंखे, दिवे, पांढरे डगले. मणक्याचा डॉक्टर तरुण होता, हातात कागद, बोलायला तुटक.

"डावा हात गेलाय. पडल्यापासूनच?"

ताईने तोंड उघडलं आणि ती क्षणभर थांबली. तिच्या खांद्यावर काळंनिळं उमटत होतं. ती क्षणभर का थांबली, हे गोगलगायीला कळलं. पडल्यापासून असं म्हटलं की प्रश्न मिटतो. शिडीची चूक. शिडी काही उलट बोलत नाही.

"नाही," गोगलगाय म्हणाला. "जागेवर दोन्ही हात चांगले होते. तीन वाजून अकरा मिनिटांनी गेला. मी गाडी चरात आदळली. वेग जास्त होता. चूक माझी. त्यानंतर मधलं बोट चालू होतं, पुलावर ते कमी झालं."

डॉक्टरने मान वर केली. "अकरा? नक्की?"

"नक्की."

"म्हणजे ताजं आहे." तो वळलाच. "थिएटर तयार करायला सांगा. थांबायचं नाही, आधी हेच." आणि फळी दाराआड गेली.

पेंटरची बायको बाजूलाच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. गोगलगाय तिच्याकडे वळला, पण तिने हात वर केला.

"आत्ता माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली.

बरोबरच होतं तिचं. त्याने मान खाली घातली. तेवढ्यात कमरेचा वायरलेस खरखरला. एका शाळेत कुणाला तरी धाप लागली होती. ताईने दुखरा खांदा सावरत दार उघडलं, आणि गाडी वाऱ्यासारखी सुटली.

या लोकांचं दुखणं ठाऊक आहे का तुम्हाला? दुःख बघणं, रक्त बघणं, याची सवय होते. पण त्यांना गोष्टीचा शेवट कळत नाही. जीव मुठीत धरून माणसाला दारापर्यंत आणायचं, आणि दार बंद झालं की पुढच्याकडे पळायचं. आत काय झालं, कोण सांगणार?

ठाण्यावर त्याने झालं तसं लिहून दिलं. सायरन, पंचेचाळीसचा वेग, चर, सगळं. साहेबांनी महिनाभर त्याला रोग्याची गाडी दिली नाही, नुसतं साहित्य पोचवायला लावलं. बाणाने त्या महिन्यात एकदाही चेष्टा केली नाही. एक दिवस तो बाजूला येऊन पुटपुटला, "काका, काल माझाही पाय गेला होता. सायरनवर. मी कुणाला सांगितलं नाही." दुसऱ्या दिवशी बाणाच्या गाडीतही एक पेला दिसला. प्लास्टिकचा, पण भरलेला.

गोगलगाय रोज त्या चपलांच्या दुकानावरून जायचा. पाटी तशीच होती. 'पादत्रा', आणि पुढे कोरी जागा. दुसरा पेंटर कुणी आणला नव्हता. मालकाने खाली एक कापडी फलक बांधून वेळ मारून नेली होती. जाताना तो वर बघायचा. कोरी जागा. येताना बघायचा. कोरीच. चौकशी करावी असं पन्नासदा मनात आलं, आणि पन्नासदा जीभ उचलली नाही. देवाजवळ मात्र रोज एकच मागणं मागायचा, एवढं एक अक्षर पुरं होऊ दे.

पाच महिने गेले. एके दिवशी सकाळी पाटी जागेवर नव्हती.

गोगलगायीने पुन्हा वर पाहिलं. उतरवली. नवी लावणार. म्हणजे... त्याने गाडीचा वेग आणखी कमी केला, आणि मग त्याला दिसलं. पाटी खाली, फूटपाथवर, दोन स्टुलांवर आडवी ठेवली होती. तिच्यापुढे खुर्चीत एक माणूस ताठ बसला होता, मानेला पट्टा, पांढऱ्या मिशा. डाव्या हातात ब्रश. करंगळी जरा बाजूला उभी राहिलेली, काही केल्या वळत नसलेली. आणि शेजारी, रंगाचा डबा दोन्ही हातांत धरून, गळ्यात टेप घातलेली बायको.

"बाहेर चाललंय," ती सांगत होती. "अहो, रेघ बाहेर चाललीय!"

"तू गप्प बस. मी पेंटर की तू?"

"शिडीवर असतात तर गप्प बसले असते. आता जन्मात शिडी नाही."

'णे' पुरा होत आला होता. चार अक्षरांच्या ओळीत तो शेवटचा जरा तिरपा, जरा थरथरता, पण होता. बाईने मान वर केली आणि तिला गाडी दिसली. तिने ओळखलं. त्याने गाडी हलकेच कडेला थांबवली. गोगलगायीला वाटलं, आता ती तोंड फिरवेल. तिने डबा नवऱ्याच्या मांडीवर टेकवला, आत जाऊन दुकानातून तांब्या आणला, आणि रस्त्याच्या कडेला येऊन खिडकीतून हात आत घातला. पेल्यात आधीच पाणी होतं, काठापासून बोटभर खाली. तिने ते काठोकाठ भरलं.

"सांडायचं नाही," ती म्हणाली. "मागे कुणी आहे का आज?"

"आहे. एक आजी, पाय मोडलाय."

"मग बोलत काय बसलात? निघा." आणि गाडी हलली तशी मागून ओरडली, "सावकाश!"

मंडळी, गोष्ट संपली. आता एक मागणं आहे. कधी रस्त्यात एखादी रुग्णवाहिका सायरनशिवाय, रांगत चाललेली दिसली, तुमचा खोळंबा झाला, हात भोंग्याकडे गेला, तर क्षणभर थांबा. आत कुणी गुडघ्यांवर बसून कुणाचं डोकं धरलेलं असेल, पुढे कुणाच्या नजरेसमोर भरलेलं पाणी असेल. त्या वेळी त्या पांढऱ्या केसांच्या गोगलगायीची आठवण काढा, आणि त्याच्या पायाला तेवढं बळ द्या म्हणून देवाला सांगा.